भिंतीतली ओल : हृदयाच्या धमनीचा पापुद्रा सुटतो तेव्हा

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने बोलायला सांगितलं तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. या व्यासपीठावरून इतकी वर्षं कीर्तनकार, प्राध्यापक, नामवंत डॉक्टर बोलून गेले. आम्ही डॉक्टर नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेले तंत्रज्ञ आहोत. ज्या खोलीत अँजिओग्राफी होते तिला कॅथ लॅब म्हणतात. तिथलं मशीन चालवायचं, पडद्यावर नजर ठेवायची, डॉक्टरांच्या हाताशी लागेल ते द्यायचं, नोंदी करायच्या, हे आमचं काम. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते काचेच्या अलीकडे उभं राहून जेवढं दिसलं आणि वाचून जेवढं समजलं, तेवढंच.

आज ‘आम्ही’ हा शब्द दोन अर्थांनी येईल. एक, कॅथ लॅबमध्ये काम करणारे आम्ही. दुसरे, घरातल्या बाईचं दुखणं ओळखू न शकलेले आम्ही घरचे. दुसऱ्या ‘आम्ही’पासूनच सुरुवात करतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. घरी महालक्ष्म्या होत्या. इंदूरच्या मराठी घरात जेवणाचा दिवस कसा असतो, ते तुम्हाला सांगायला नको. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सवाष्णी, दारात रांगोळी. आमच्या वहिनींचं वय तेव्हा चव्वेचाळीस. साखर नाही, बीपी नाही, वजन बेताचं. पहाटेपासून त्या उपाशीपोटी स्वयंपाकघरात होत्या. त्याआधीचा महिना आईच्या आजारपणात गेला होता. आईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्यांना उचलून बसवणं, फिरवणं वहिनीच करत होत्या. दुपारी बाराच्या सुमारास त्या ओट्याला टेकल्या आणि म्हणाल्या, ‘पाठीत भरून आलंय, जबड्यातही दुखतंय.’ अंगाला दरदरून घाम होता.

आम्ही काय म्हणालो असू? ‘रिकाम्या पोटी अ‍ॅसिडिटी झाली असेल.’ कुणी ओवा दिला, कुणी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली. वहिनी दहा मिनिटं पडल्या आणि उठून पुन्हा वाढायला उभ्या राहिल्या. पंगत अर्धी सोडायची नाही, हा त्यांचा हट्ट. संध्याकाळी पुन्हा दुखलं, तेव्हा दादा त्यांना घराजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथे ईसीजी निघाला. ‘नॉर्मल आहे, दगदग झाली आहे, झोपा,’ असं सांगून घरी पाठवलं. रात्री अकराला तिसऱ्यांदा दुखलं, उलटी झाली, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. रोज हेच बघणाऱ्या माणसाला घरातला अटॅक ओळखायला अकरा तास लागले. साठ वर्षांचे, सिगारेट ओढणारे काका छातीवर हात ठेवून खाली बसले असते, तर आम्ही अकरा मिनिटंही थांबलो नसतो. चूक नेमकी तिथे होती.

हॉस्पिटलमध्ये रक्तातलं ट्रोपोनिन तपासलं, ते वाढलेलं निघालं. हृदयाचा स्नायू दुखावला की हे प्रथिन रक्तात उतरतं. म्हणजे हार्ट अटॅक होता. सकाळी अँजिओग्राफी झाली आणि एक शब्द कानावर पडला: स्कॅड. स्पॉन्टेनियस कोरोनरी आर्टरी डिसेक्शन. सोप्या मराठीत, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीचे पापुद्रे आपोआप सुटणं.

हे काय असतं ते आता पाहू. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते त्याच्या अंगावरून जाणाऱ्या कोरोनरी धमन्यांमधून. त्यांची रुंदी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. सगळ्यात आत नाजूक अस्तर, मध्ये स्नायूंचा थर आणि बाहेर मजबूत आवरण.

नेहमीचा हार्ट अटॅक कसा येतो, ते आपण ऐकलेलं असतं. वर्षानुवर्षं भिंतीत चरबीचा थर साचतो, एके दिवशी तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि वाट बंद होते. स्कॅडमध्ये चरबीच्या थराचा संबंध नसतो. इथे रक्त भिंतीच्या थरांमध्येच शिरतं, मधल्या थरात किंवा मधल्या आणि बाहेरच्या थरांच्या सांध्यात. तिथे ते साचतं, फुगतं आणि थर एकमेकांपासून सोलत लांबवर पसरतं. बाहेरचं आवरण चिवट, म्हणून फुगवटा आतल्या बाजूला येतो. खऱ्या वाटेशेजारी एक खोटी वाट तयार होते आणि ती खऱ्या वाटेला दाबून टाकते. पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि तो मरू लागतो. परिणाम तोच, हार्ट अटॅक. कारण मात्र अगदी वेगळं.

भिंतीत रक्त शिरतं कसं? याबद्दल दोन मतं आहेत. ती समजायला आपली जुनी घरं आठवा. पावसाळ्यात भिंतीचा गिलावा फुगतो, तो दोन कारणांनी. एक तर गिलाव्याला तडा जातो आणि त्यातून पाणी आत मुरतं. किंवा भिंतीत पुरलेला नळ झिरपतो, गिलावा आतून फुगतो, आणि वरून पाहिलं तर तडा कुठेच नसतो. धमनीचंही तसंच. पहिलं मत असं की आतल्या अस्तराला चीर पडते आणि वाहतं रक्त त्यातून भिंतीत घुसतं. दुसरं मत असं की धमनीच्या भिंतीलाही पोसणाऱ्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यातली एखादी फुटते आणि रक्त भिंतीतच साचतं. अँजिओग्राफीत बहुतेक रुग्णांमध्ये चीर दिसतच नाही, नुसता लांबलचक दाब दिसतो. म्हणून अलीकडे दुसऱ्या मताचं वजन वाढलं आहे. काही रुग्णांत साचलेल्या रक्ताचा दाब वाढून अस्तर नंतर फाटत असावं, असंही मानतात.

आता मूळ प्रश्न. गिलावा कच्चा का होतो?

याला एक कारण नाही. आधीपासूनची कमजोरी आणि त्यावर पडलेला एखादा ताण, अशी ही जोडी असते. स्कॅडच्या दर दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ स्त्रिया असतात, आणि बहुतेकींचं वय चाळिशी ते पन्नाशीच्या आसपास. त्यामुळे स्त्री-संप्रेरकांचा संबंध असावा असं मानतात. बाळंतपणानंतरचा पहिला महिना, त्यातही पहिला आठवडा, विशेष जपण्याचा. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर येणाऱ्या हार्ट अटॅकचं सर्वांत मोठं कारण स्कॅड हेच आहे. सव्वा महिन्याच्या बाळंतिणीच्या छातीत दुखलं तर ‘दूध दाटलं असेल’, ‘वारा लागला असेल’ म्हणणाऱ्या सगळ्या आज्या-मावश्यांनी हे वाक्य घरी घेऊन जावं.

दुसरं कारण म्हणजे फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया नावाचा विकार. यात शरीरातल्या मधल्या आकाराच्या धमन्यांची वीणच बिघडलेली असते, मानेतल्या, मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या. स्कॅडच्या बऱ्याच रुग्णांमध्ये तो सापडतो. म्हणूनच स्कॅड झाल्यावर डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या धमन्यांचा स्कॅन करायला सांगतात. थोड्या रुग्णांमध्ये मार्फान किंवा एहलर्स-डॅनलॉस यांसारखे संयोजी ऊतींचे जन्मजात आजार असतात. २०१९ मध्ये सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाचाही संबंध दिसून आला. गंमत अशी, की त्याच्या ज्या रूपामुळे स्कॅडचा धोका वाढतो, त्याच रूपामुळे चरबीच्या थराने येणाऱ्या नेहमीच्या अटॅकचा धोका थोडा कमी होतो. म्हणजे नात्यातल्या दोन अटॅकांचा स्वभावच वेगळा.

ताणाचं म्हणाल तर स्त्रियांमध्ये मनावरचा मोठा आघात, घरातलं आजारपण, मृत्यू, भांडण यांचा उल्लेख वारंवार येतो. पुरुषांमध्ये अचानक केलेली जड मेहनत, श्वास रोखून वजन उचलणं जास्त आढळतं. जोराची उलटी, खोकला, कुंथणं यानेही दाब वाढतो. आमच्या वहिनींना आईंना उचलण्याने झालं, काळजीने झालं की कशाने, हे ठामपणे कुणी सांगू शकलं नाही. एक मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: तुमच्या खाण्यापिण्यामुळे किंवा आळशीपणामुळे हे झालेलं नाही. ते ऐकून वहिनी पहिल्यांदा रडल्या. तोपर्यंत त्या स्वतःलाच दोष देत होत्या.

हा आजार नवा नाही. १९३१ मध्ये प्रेटी नावाच्या डॉक्टरांनी एका बेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या शवविच्छेदनात तो प्रथम नोंदवला. पुढची कित्येक वर्षं तो मुख्यतः मेल्यानंतरच सापडत राहिला. कोरोनरी धमनीत थेट औषध सोडून चित्र घेण्याची पद्धत अमेरिकेत डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून १९५८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून जिवंत माणसाच्या धमन्या दिसू लागल्या. तरी स्कॅड ‘दुर्मिळ’ या शिक्क्याखाली बाजूलाच पडला होता. तो शिक्का पुसायला रुग्ण स्त्रियांनीच सुरुवात केली. कॅथरीन लिऑन या अमेरिकन बाईंना २००३ मध्ये दुसऱ्या बाळंतपणानंतर काही आठवड्यांत हा अटॅक आला. इंटरनेटवर त्यांना आपल्यासारख्या इतर बायका भेटत गेल्या. २००९ मध्ये त्या मेयो क्लिनिकच्या डॉ. शॅरॉन हेज यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, आम्ही इतक्या जणी आहोत, आमच्यावर संशोधन करा. त्यातून तिथल्या नोंदवहीचं काम उभं राहिलं. आज जाणकार सांगतात की एकूण हार्ट अटॅकमध्ये स्कॅडचा वाटा एक ते चार टक्के असेल, पण पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांच्या अटॅकमध्ये तो काही अभ्यासांनुसार पस्तीस टक्क्यांपर्यंत जातो.

आता कॅथ लॅबमध्ये चला. मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. तिची जाडी साधारण दोन मिलिमीटर. तिच्यातून एक्स-रेत दिसणारं औषध धमनीत सोडतात. ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाटेच्या तोंडाशी दोन मिलिमीटरची नळी! त्या वेळी आमची नजर पडद्यावरच्या दाबाच्या लहरीवर असते. नळीचं टोक भिंतीला टेकलं की लहर चपटी होते. मग आम्ही मोठ्याने म्हणतो, ‘सर, प्रेशर डॅम्प झालं.’ डॉक्टर ताबडतोब नळी मागे घेतात. कारण अशा वेळी औषध जोरात सोडलं तर भिंतीला चीर पडू शकते. हे फार क्वचित होतं, पण स्कॅडच्या रुग्णाची भिंत आधीच कच्ची, म्हणून तिथे दुप्पट जपावं लागतं. त्या सकाळी ती लहर बघताना आमचे डोळे पाणावले होते. शेजारच्या सहकाऱ्याने न बोलता आम्हाला बाजूला केलं आणि स्वतः उभा राहिला.

पडद्यावर डाव्या बाजूची पुढून खाली उतरणारी मोठी धमनी दिसत होती. स्कॅड सर्वांत जास्त याच धमनीत होतो. वरचा भाग गुळगुळीत, छान. मध्यावर येऊन ती अचानक बारीक झाली आणि तशीच बारीक पुढे गेली. गुठळी नाही, खडबडीत थर नाही. घाईने पाहिलं तर वाटावं, बाईमाणूस आहे, धमनीच बारीक असेल. असे अहवाल ‘नॉर्मल’ म्हणून जातात ते याच कारणाने. कॅनडातल्या डॉ. जॅकलिन सॉ यांनी स्कॅडचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्या प्रकारात भिंतीत औषध साचून दोन वाटा दिसतात. दुसऱ्यात असा लांबलचक बारीकपणा असतो आणि हाच सर्वांत जास्त आढळतो. तिसरा थेट चरबीच्या अडथळ्यासारखा दिसतो, तो ओळखायला धमनीच्या आतून चित्र काढणारी वेगळी नळी लागते. आमच्या डॉक्टरांनी धमनी सैल करणारं औषध सोडून पाहिलं. बारीकपणा तसाच राहिला, म्हणजे तो पेटका नव्हता. मग ते म्हणाले, ‘रक्त पुढे जातंय. हात लावायचा नाही.’

बाहेर येऊन हे सांगितल्यावर नातेवाईक खवळले. ‘अडथळा आहे तर स्टेंट का नाही? सरकारी आहे म्हणून टाळता का?’ दादाही आमच्याकडे संशयाने पाहू लागले. त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. मेंदीचा कोन मधोमध दाबला तर मेंदी दोन्हीकडे सरकते. भिंतीत साचलेल्या रक्तावर स्टेंट फुगवला तर ते रक्त पुढे-मागे सरकून आणखी थर सोलतं. तार चुकून खोट्या वाटेत गेली तर खरी वाट पूर्ण बंद होऊ शकते. शिवाय नंतर साचलेलं रक्त जिरलं की स्टेंट सैल पडतो. उलट काही न करता सांभाळलं, तर बहुतेकांची धमनी काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपली आपण भरून येते. मात्र दुखणं थांबतच नसेल, दाब कोसळत असेल, मुख्य धमनीचं तोंडच दबलं असेल किंवा रक्त पुढे जातच नसेल, तर स्टेंट किंवा बायपास करावाच लागतो. पहिल्या काही दिवसांत चीर वाढू शकते, म्हणून रुग्णाला हॉस्पिटलमध्येच नजरेखाली ठेवतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन स्कॅड ठरल्यावर टाळतात, कारण भिंतीतला रक्तस्राव वाढण्याची भीती असते.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. आज हे ऐकलं म्हणून उद्या कुणी ‘आम्हाला स्टेंट नको, आपोआप बरं होईल’ असं म्हणू नका. बहुतेक हार्ट अटॅक नेहमीच्या प्रकारचेच असतात आणि त्यात वेळेवर घातलेला स्टेंट जीव वाचवतो. कुठला अटॅक आहे, हे डॉक्टर धमनी पाहून ठरवतील. आपलं काम एकच: रुग्णाला वेळेत त्यांच्यापर्यंत पोहोचवणं.

वहिनी पाच दिवस राहिल्या. हृदयाचे ठोके आणि दाब आटोक्यात ठेवणारी गोळी सुरू झाली, ती पुन्हा होण्याचा धोका कमी करते असं दिसलं आहे. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा धमनी भरून आली होती. पण हा आजार दर दहांपैकी एक ते तिघांना पुढे पुन्हा गाठतो, म्हणून दाब सांभाळणं आणि श्वास रोखून जड उचलणं टाळणं आलंच. याचा अर्थ बाईला गादीवर बसवून ठेवायचं असा नाही. चालणं, हलका व्यायाम हवाच. भीती मात्र उशिरा जाते. कित्येक महिने त्या रात्री एकट्या झोपत नव्हत्या. त्यासाठीही डॉक्टरांशी बोलावं लागतं, आणि त्यात लाज कसली?

शेवटी चार गोष्टी. छाती, पाठ, जबडा, हात यांत भरून येणं, दरदरून घाम, मळमळ, धाप हे सगळं किंवा यातलं काही अचानक सुरू झालं, तर वय आणि बाईपण बघू नका. १०८ ला फोन करा. दुसरी गोष्ट, पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका. ट्रोपोनिन तपासायला सांगा, आणि ते पहिल्यांदा नॉर्मल आलं तरी काही तासांनी पुन्हा तपासलं जाईल असं पाहा. तिसरी, नुकतीच बाळंत झालेली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि चौथी पुरुष मंडळींसाठी आहे. घरातली बाई दुखतंय म्हणाली, तर ती दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत थांबू नका. आपल्या बायका मुळात दुसऱ्यांदाच सांगतात. पहिल्यांदा त्या स्वतःशीच म्हणालेल्या असतात.

ही सगळी हकीगत वहिनींना विचारूनच सांगितली. त्या म्हणाल्या, ‘सांगा, पण पंगत अर्धी सोडली नाही हेही सांगा.’ आम्ही ते सांगितलं. आता त्यांच्यासमोरच सांगतो, कारण त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत: वहिनी, यंदा पंगत आम्ही वाढणार आहोत. तुम्ही पहिल्या पानावर बसा.

गणपती बाप्पा मोरया!